तिसरी किल्ली

आमच्या पेटीला तीन कुलपं,
किल्ल्या तीन घरांत.
एक शाळेच्या शिपायाकडे, एक वेझी शिंपिणीकडे,
तिसरी माझ्या कमरेला, चितेंजेच्या गाठीत.
रात्री कूस बदलली की टोचते.
टोचू दे. टोचावी म्हणूनच ती माझ्याकडे दिली.

कापणीनंतरच्या पहिल्या गुरुवारी
सुझ्गो आंब्याखाली उभा राहिला.
सुझ्गो म्हणजे आमच्या बोलीत त्रास.
बाळंतपण अवघड गेलं, आईनं तेच नाव ठेवलं,
आणि पोरानं ते कधी खोटं पडू दिलं नाही.

त्याला चाळीस हजार क्वाचा हवे होते. पुन्हा.

पहिल्या चाळीस हजारांचं काय झालं, अख्ख्या गावाला ठाऊक:
लाकडी खोक्याला आतून घोंगडीचे तुकडे,
खाली कंदील, वर साठ अंडी,
दिवसातून तीनदा उलटायची,
आजारी माणसाची कूस बदलतात तशी, हलक्या हातानं.
जूनची थंडी. अठराव्या रात्री त्याचा डोळा लागला
आणि कंदील विझला.
साठांतून नऊ पिल्लं. चार घारीनं नेली.
कर्ज त्यानं विटा पाडून फेडलं,
सात महिने, व्याजासकट.
घारीची गोष्ट सगळे सांगतात. विटांची कुणी नाही.

शिपाई म्हणाला, "कोंबडी हे काम फुकट करते."
सगळे हसले. सुझ्गोही हसला.
मग म्हणाला, "कोंबडी बसते बारा अंड्यांवर, बाबा,
आणि तिला वाटेल तेव्हा.
बाजार मात्र दर शनिवारी भरतो."
त्यानं वही उघडून धरली.
रोजची ऊब, पेन्सिलीनं, तारीखवार.
एका जागी ओळ कोरी.
"इथे मी झोपलो होतो," म्हणाला,
आणि बोट तिथून काढलं नाही.
आता त्याला उन्हावर चालणारा दिवा घ्यायचा होता, बॅटरीसकट,
आणि रात्रीच्या पाळीला धाकटी बहीण तयार होती.

वेझीनं किल्ली चटईवर ठेवली.
शिपायानं डोकं खाजवलं, ठेवली.
माझा हात गाठीपाशी गेला आणि तिथंच राहिला.

पहिल्या वेळी मी गावात नव्हते, किल्ली जावेनं नेली होती.
त्याआधीचं एकच कर्ज मला आठवतं, जे दिलं गेलं नाही.
सहा वर्षांपूर्वी, याच झाडाखाली, माझा थोरला.
वेल्डिंगचं यंत्र. विसाराची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.
लोक म्हणतील, आईनं लेकाला पेटी उघडून दिली,
म्हणून मी म्हटलं, किल्ली सापडत नाही.
ती इथंच होती. याच गाठीत.
महिन्याभरात त्यानं जोहान्सबर्गची बस धरली.
नाताळला फोन येतो.
मोठमोठ्या बंगल्यांची फाटकं जोडतो म्हणे,
आणि मी विचारते, जेवलास का.

"न्याचिसी," वेझी हळूच म्हणाली, "ऊन उतरलं."

गाठ घट्ट बसली होती. दातांनी सोडवावी लागली.
कुलूप पहिल्यापासून हट्टी;
शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब सोडला,
तिसऱ्या झटक्याला उघडलं.

आज पुन्हा गुरुवार.
बैठक सुरू होऊन अर्धा तास झाला, सुझ्गोचा पत्ता नाही.
उशिराला दंड शंभर क्वाचा, सगळ्यांना सारखा.
मका वाळत घातलेल्या अंगणातून तो धावत आला,
डोळे तांबारलेले, बाहीला कवचाचा तुकडा.
"किती?" शिपायानंच विचारलं.
"अजून फुटतायत," म्हणाला, "बहीण मोजतेय,"
आणि दंडासाठी खिशात हात घातला.
नोटेआधी खिसाच चिवचिवला.

मी हसले नाही. नियम तो नियम.
हात पुढे केला, शंभर घेतले.
नोट ऊबदार होती.